आधी मागता येऊ दे, मग बाराखडी : स्वमग्न मुलाला घरी आणि शाळेत शिकवताना

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाच्या आई-बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘बोलायला कधी लागेल?’ वर्गातल्या बाईंचाही ठरलेला, ‘एका जागी कधी बसेल?’ विशेष शिक्षिका म्हणून मी दोघांनाही उलट विचारते, त्याला तहान लागली की तुम्हाला कसं कळतं? ‘कळतं हो आम्हाला, रडायला लागतो ना,’ किंवा ‘हाताला धरून माठापाशी नेतो,’ अशी उत्तरं येतात. कामाची सुरुवात तिथूनच करायची. बाराखडी, रंगांची नावं, पाढे, ‘काकांना नमस्कार कर’ हे सगळं नंतर. ज्या मुलाला पाणी मागता येत नाही, नको म्हणता येत नाही, पोटात दुखतंय हे दाखवता येत नाही, त्याच्याकडे ओरडणं, चावणं आणि जमिनीवर आडवं पडणं एवढेच मार्ग उरतात. मग आपण त्याला हट्टी ठरवून मोकळे होतो.

पुढचं बरंचसं तीन ते दहा वर्षांच्या मुलांना धरून लिहिलं आहे. ‘मुलगा’ असं लिहिलंय तिथे मुलगीही धरा. मुलींची स्वमग्नता उशिरा लक्षात येते, कारण कोपऱ्यात गप्प बसणारी मुलगी सगळ्यांना शहाणीच वाटते.

निदानाची वाट बघत थांबू नका

वर्षाचं होऊनही नावाने हाक मारल्यावर वळत नाही, दीड वर्षाचं होऊनही ‘ते बघ’ म्हणून बोट दाखवत नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. ‘त्याचे बाबासुद्धा चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते’ हे आजी प्रेमाने म्हणते, पण त्यात मुलाचं एक वर्ष जातं. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट ही २० प्रश्नांची चाळणी आहे. ती निदान करत नाही, पुढे तपासणी हवी की नको एवढंच सांगते. त्याआधी किंवा त्याबरोबर कानांची तपासणी झालीच पाहिजे. ऐकू न येणारं मूलही हाकेला वळत नाही.

खासगी तपासणी परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. अंगणवाडीतून किंवा शाळेच्या आरोग्य तपासणीतून तिथे पाठवतात, थेट जिल्हा रुग्णालयात चौकशी केली तरी चालते. तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली तर ते तीन महिने फुकट घालवू नका. खाली दिलेलं काहीही सुरू करायला कुणाचा शिक्का लागत नाही.

आणि हे कशामुळे झालं, यावर घरात भांडणं नकोत. आईच्या कोरडेपणामुळे मूल असं होतं, असं एके काळी अमेरिकेतले नामवंत डॉक्टरही म्हणत. ती कल्पना केव्हाच मोडीत निघाली. लसीमुळे स्वमग्नता येते असं सुचवणारा १९९८ सालचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. म्हणून राहिलेल्या लसी देऊन टाका.

पहिला आठवडा नुसतं बघा

एक शंभर पानी वही घ्या. शिकवायचं काही नाही, लिहायचं. त्याला काय आवडतं? ‘खेळणी’ असं मोघम लिहू नका. चाक फिरवायला आवडतं, शेंगदाण्याची चिक्की आवडते, झोका आवडतो, पंख्याकडे बघत पडून राहायला आवडतं, असं लिहा. काय सोसवत नाही? मिक्सरचा आवाज, शर्टाच्या मानेमागचं लेबल, केस कापताना लागणारं मशीन, भातात कालवलेली भाजी. आणि हवं असलेलं तो आज कसं मिळवतो? ओढून नेतो, स्वतःच चढून घेतो, की ओरडतो?

हे लिहिताना बऱ्याच आईंच्या लक्षात येतं की आपण त्याला मागायची वेळच येऊ देत नाही. साडेचारला दूध समोर, पाचला बिस्कीट समोर. मूल हुशारच असतं, न मागता मिळत असेल तर मागेल कशाला?

मागायला शिकवणं, हाताशी धरून

चित्र देऊन वस्तू मागण्याची पद्धत अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये विकसित केली. पेक्स या नावाने ती जगभर वापरतात. तिचं पूर्ण प्रशिक्षण वेगळं असतं, पण पहिली पायरी घरी जमण्यासारखी आहे. त्यासाठी मोठी माणसं मात्र दोन लागतात. इथेच लोक कंटाळा करतात आणि मग ‘आमच्याकडे नाही चाललं’ म्हणतात.

चिक्कीचा फोटो काढा, पत्त्याएवढा छापून लॅमिनेट करा. चिक्कीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. मूल जेवून नुकतंच उठलेलं नसावं. आई समोर बसते, बाबा (किंवा आजोबा, ताई, कुणीही) मुलाच्या पाठीमागे. आईच्या एका हातात तुकडा, मुलाला दिसेल असा. मुलाच्या समोर कार्ड. मूल तुकड्याकडे झेपावतं. त्या क्षणी मागचा माणूस त्याचा हात हळूच कार्डाकडे वळवतो, उचलायला लावतो आणि आईच्या रिकाम्या तळहातावर ठेवायला लावतो. कार्ड हातावर टेकलं की आईने लगेच, अगदी लगेच, ‘चिक्की!’ म्हणत तुकडा द्यायचा.

मागच्या माणसाने तोंडातून शब्द काढायचा नाही. समोरच्यानेही ‘काय पाहिजे?’, ‘कार्ड दे’, ‘बोल, चि-क्की’ असलं काही म्हणायचं नाही. आपण विचारलं की मूल विचारण्याची वाट बघायला शिकतं, आणि आपल्याला हवंय ते त्याने स्वतःहून येऊन सांगणं. हळूहळू मागच्या हाताचा जोर कमी करायचा. आधी मनगट धरायचं, मग कोपराला नुसता स्पर्श, मग काहीच नाही.

त्याला हे आपलं आपण जमू लागलं की आई एक पाऊल मागे सरकते, मग खोलीच्या दारात, मग स्वयंपाकघरात. मूल कार्ड घेऊन शोधत आलं पाहिजे. मग दोन कार्डं, एक आवडीचं आणि एक नावडीचं. सोबत तीन कार्डं लवकरात लवकर आणा : ‘नको’, ‘मदत’ आणि ‘थोडं थांबतो’, म्हणजे सुट्टी. कोबीची भाजी पुढे आली आणि त्याने ‘नको’चं कार्ड दिलं, तर भाजी उचलायची. ‘एकच घास खा’ नाही. नकार ऐकला जातो हे त्याला एकदा पटू द्या. खाण्याचे प्रकार कसे वाढवायचे हा वेगळा विषय आहे, त्याची गाठ इथे घालू नका.

‘चित्रांची सवय लागली तर बोलणारच नाही’ ही भीती जवळपास प्रत्येक घरात असते. चित्रांमुळे बोलणं अडत नाही. कित्येक मुलं कार्ड देता देता शब्दही काढू लागतात. जी काढत नाहीत, त्यांच्याकडे निदान सांगायचा मार्ग असतो. पुढे मोबाइल किंवा टॅबवर जायचं असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे अॅप आहे. चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं आणि त्यात मराठीही आहे. फक्त तो टॅब बोलण्याचाच ठेवा. त्याच्यावर यूट्यूब लावलं की संपलं.

भाषेचं आणखी एक. ‘घरी मराठी बंद करा, नुसतं इंग्रजी बोला, दोन भाषांनी गोंधळेल,’ असा सल्ला अजूनही दिला जातो. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट ज्या भाषेत आजी रागावते आणि मावशी लाड करते, तीच बंद केली तर घरातली निम्मी माणसं त्याच्याशी मुकी होतात. वाक्यं मात्र छोटी ठेवा. ‘चल बाळा, पटकन चप्पल घाल बघू, बस निघून जाईल ना’ याऐवजी ‘चप्पल घाल’. मग मनात पाच अंक मोजून थांबा. लगेच पुन्हा सांगितलं तर त्याच्या डोक्यात पहिलं वाक्य पोचायच्या आत दुसरं आदळतं.

दिवस डोळ्यांना दिसू द्या

आता काय, मग काय, हे न कळल्यामुळे होणारी रडारड खूप असते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९७२ पासून टीच या नावाने जे काम चाललं, त्याचा गाभाच हा : जागा, वेळ आणि काम मुलाला बघून समजलं पाहिजे.

कपाटाच्या दारावर वेलक्रोची उभी पट्टी लावा. दात घासणे, आंघोळ, नाश्ता, शाळेची बस, असे चार-पाचच फोटो, त्याच्याच ब्रशचे, त्याच्याच बादलीचे. काम झालं की फोटो काढून खालच्या डब्यात टाकायचा. लहान मुलाला किंवा नवीन सुरुवात करताना एवढीही पट्टी जड जाते. मग दोनच चित्रं घ्या : ‘आधी’ केस विंचरणे, ‘मग’ झोका. आणि झोका म्हणजे झोका. पाहुणे आले म्हणून झोका रद्द झाला की पट्टीची पत गेली.

बदल होणारच. बस चुकेल, बाई रजेवर जातील, लाइट जाईल. त्यासाठी लाल फुलीचं एक कार्ड ठेवा आणि आधी सुखद बदलांवर वापरा. वरण-भातावर फुली, त्याजागी आवडीचा डोसा. फुली म्हणजे संकट नव्हे हे कळलं की बागेत जाण्यावरची फुली थोडी तरी सोसते.

‘पाच मिनिटांत येते’ म्हणून अर्ध्या तासाने येणाऱ्यांनी मात्र सवय बदलावी. ही मुलं शब्द शब्दशः घेतात. ‘डोकं खाऊ नकोस’ म्हटल्यावर एखादं खरंच घाबरतं.

रोजची कामं : शेवटच्या पायरीपासून

पँट घालणं, हात धुणं, डबा उघडणं यांचे तुकडे करा आणि शेवटचा तुकडा आधी शिकवा. पँट तुम्ही गुडघ्यांपर्यंत चढवा, वर ओढायचं काम त्याचं. ते जमलं की घोट्यापासून. पूर्ण झाल्याचा आनंद दर वेळी त्याच्या वाट्याला येतो, म्हणून हे उलटं शिकवणं टिकतं. शी-शूच्या सवयीसाठी आधी तीन-चार दिवस वेळा टिपा आणि त्या वेळेच्या थोडं आधी नेऊन बसवा. ओरडणं, लाजवणं पूर्ण वर्ज्य. बद्धकोष्ठ असेल तर आधी डॉक्टर. बरीच मुलं भारतीय शौचालयावर पाय घसरण्याला किंवा फ्लशच्या आवाजाला घाबरतात, ते काढून टाकलं तर निम्मं काम होतं.

उद्रेक झाला तर, आणि होऊ नये म्हणून

हट्ट आणि उद्रेक यांत फरक आहे. हट्ट करणारं मूल मधूनमधून तुमच्याकडे बघतं, हवं ते मिळालं की थांबतं. उद्रेकात सापडलेल्या मुलाला हवं ते दिलं तरी थांबता येत नाही. त्या वेळी शिकवणी नको. बोलणं कमी करा, जमलेली माणसं हटवा, दिवा आणि आवाज कमी करा, डोक्याखाली उशी सरकवा आणि जवळ बसा. ‘माझ्याकडे बघ’ म्हणू नका. शांत असतानाही डोळ्यांत बघण्याची सक्ती करू नये. कित्येक मुलांना नजर आणि शब्द दोन्ही एकदम झेपत नाहीत, ती दुसरीकडे बघतच ऐकतात.

खरं काम त्यानंतरचं. वहीत तीन रकाने आखा : आधी काय झालं, त्याने काय केलं, त्यानंतर काय घडलं. दुसरीतला एक मुलगा दुपारच्या सुट्टीआधी बाकावर डोकं आपटायचा. भुकेने करतो असं सगळ्यांचं ठरलं होतं, म्हणून डबा लवकर दिला. फरक नाही. आठवडाभराच्या नोंदी वाचल्या तेव्हा दिसलं की शनिवारी सकाळच्या शाळेतही तेच, फक्त वेळ वेगळी. त्याची जागा दाराजवळ होती आणि दाराबाहेरच शिपाईमामा लोखंडी पट्टीवर टोल द्यायचे. तो टोलाची वाट बघत आधीपासूनच ताठ व्हायचा. त्याला पलीकडच्या भिंतीशी बसवलं, टोलाच्या आधी कानावर लावायला हेडफोन दिले आणि घड्याळाच्या चित्राचं कार्ड दाखवायला सुरुवात केली. आपटणं एका दिवसात थांबलं नाही, पण उतरत गेलं. भूक हे कारण धरून बसलो असतो तर डबे बदलत राहिलो असतो.

अचानक सुरू झालेल्या उद्रेकामागे दातदुखी, कानदुखी, पोट हेही असतं. एकटक नजर लावून थिजणं, झटके येणं असं दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे जा. स्वमग्न मुलांमध्ये अपस्माराचं (फिट येण्याचं) प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं.

गणपतीत ढोल-ताशा आणि दिवाळीत फटाके चुकवता येत नाहीत. मिरवणूक आधी मोबाइलवर बारीक आवाजात दाखवा, लांबून बघा, कानाला हेडफोन, आणि ‘घरी’चं कार्ड त्याच्या खिशात. त्याने दिलं की निघायचं, आरती अर्धी राहिली तरी.

ही मुलं न सांगता चालत जातात आणि पुष्कळांना पाण्याची ओढ असते. विहीर, शेततळं, इमारतीची उघडी टाकी यांचा बंदोबस्त आजच करा. शर्टाच्या आतल्या बाजूला फोन नंबर लिहा. पोहणं जितक्या लवकर शिकवता येईल तितकं बरं.

शाळेत

कायदा तुमच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये स्वमग्नता आहे आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ देतं. प्रवेश नाकारला तर कारण लेखी मागा. बऱ्याच वेळा लेखी म्हटलं की सूर बदलतो. जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांसाठी समग्र शिक्षाखाली समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांची चौकशी तालुक्याच्या गट साधन केंद्रात करा. एका माणसाकडे पुष्कळ शाळा असतात, तेव्हा महिन्यात केव्हा येतील हे ठरवूनच घ्या.

पण कायद्याने दार उघडतं, वर्ग बाईच चालवतात. साठ मुलांच्या वर्गात काय जमेल? बसायची जागा कायम ठेवणं जमेल, पुढे आणि भिंतीच्या बाजूला, खिडकी-दारापासून लांब. फळ्याच्या कोपऱ्यात आजचे तास चित्रांसह लिहिणं जमेल. सगळ्या वर्गाला सूचना दिल्यावर त्याच्या बाकाशी येऊन दोन शब्दांत पुन्हा सांगणं जमेल. दहा गणितांच्या पानावर कागद ठेवून एका वेळी दोनच दाखवणं जमेल. आणि घरातलं ‘थोडं थांबतो’ कार्ड वर्गातही चालवणं जमेल. ते दिलं की व्हरांड्यात एक फेरी मारून यायचं. घरी एक चित्र आणि शाळेत दुसरं असं करू नका. कार्डांचा एक संच दप्तरात कायम असावा.

हाताची बोटं लवकर दुखतात म्हणून ही मुलं लिहायला नकार देतात आणि आपण समजतो की येत नाही. जोड्या लावू द्या, उत्तराच्या चिठ्ठ्या उचलू द्या, तोंडी विचारा. आगगाड्यांचं वेड असेल तर बेरीज डब्यांची, भूगोल स्टेशनांचा. काही बाई म्हणतात, यामुळे वेड वाढेल. वाढू दे की, त्याच वेडावर तो चौथीची भागाकाराची उदाहरणं सोडवतो.

वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात, म्हणजे त्या एका मुलासाठी लिहिलेल्या वर्षाच्या योजनेत, उद्दिष्ट मोजता येईल असं लिहा. ‘संवाद सुधारेल’ याला काही अर्थ नाही. ‘पाच दिवसांपैकी चार दिवस मधल्या सुट्टीत कार्ड देऊन पाणी मागेल’ हे बघता येतं. सुरुवातीला तीन उद्दिष्टं पुरे, त्यातलं एक तरी मागण्या-सांगण्याचं. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्यासोबत बसणारी मदतनीस, ठेवली असेल तर तिचं काम हळूहळू लांब जाणं हे आहे. ती त्याच्या वहीत उत्तरं लिहीत असेल तर बदल हवा.

वर्गातल्या मुलांपासून काही लपवून ठेवू नका. पालकांची परवानगी घेऊन सरळ सांगा, याला मोठा आवाज त्रास देतो, हा बोलण्याऐवजी कार्ड देतो. मुलं चटकन शिकतात. चिडवणं बहुधा मधल्या सुट्टीत आणि बसमध्ये होतं, म्हणून तिथे एक-दोन समजूतदार मित्र सोबतीला नेमून द्या.

पैसे आणि कागद

स्टेम सेल (मूळ पेशी) उपचाराच्या जाहिरातींना बळी पडू नका. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये स्वमग्नतेसाठी या उपचाराला मान्यता नाही, आणि लोकांनी त्यापायी दागिने गहाण ठेवलेले मी पाहिले आहेत. शरीरातले धातू काढणारी औषधं तर जिवावर बेतू शकतात. ‘सहा महिन्यांत बरा करू’ म्हणणाऱ्या कुणाच्याही दारातून परत फिरा. वाचा उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तो क्रमांक विचारायला संकोच नको. थेरपी चालू असताना दार बंद आणि आई-बाबा बाहेर, असं असेल तर तेही विचारा. घरी करायचं काय, हे तुम्हाला कळलं नाही तर आठवड्याचे दोन तास कुठवर पुरणार?

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) काढून ठेवा. स्वमग्नता किती आहे याच्या मोजमापासाठी आयएसएए ही ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना स्वमग्नतेसाठी लागू आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. दहावीत लेखनिक, जादा वेळ, विषयांची सवलत हवी असेल तर अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून नववीतच मुख्याध्यापकांशी बोला. त्याच वाटेने जायला हवं असंही नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) कमी विषय घेऊन, सावकाश परीक्षा देता येते.

दर जूनमध्ये बाई बदलतात आणि वर्षभराचं शहाणपण त्यांच्याबरोबर जातं. म्हणून एप्रिलमध्येच एक पान तयार करा, एकच. वर त्याचा हसरा फोटो. खाली : मी हवं-नको कसं सांगतो, मला काय आवडतं, काय सोसत नाही, मी घाबरलो की आधी कसा दिसतो (बोटं कानाशी जातात, गुणगुणणं वाढतं), तेव्हा काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, माझी औषधं, आईचा नंबर. एक प्रत नव्या बाईंना, एक मुख्याध्यापकांना, एक बसच्या काकांना, आणि एक लॅमिनेट करून दप्तराच्या पुढच्या कप्प्यात.